जेवताना सांगितलेलं

प्रिय टिल्लू,

माझा फोन बंद म्हणून तू आईला फोन करून भंडावून सोडतेस, हे मला माहीत आहे. आई 'ताई झोपलीय' म्हणते तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेली असते. हे कागदावर लिहितेय, कारण फोनवर लिहिलेलं कुठून कुठे जातं याचा मी धसकाच घेतलाय. वाचून झालं की फाडून टाक.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. मी घरीच असते. ड्यूटीच्या वेळेला आपोआप जाग येते, केस बांधून होतात, आणि मग आठवतं की कुठे जायचंच नाहीये. चौकशी संपेपर्यंत येऊ नकोस, असं मेट्रनबाईंनी सांगितलं. सांगताना त्या टेबलावरचा पेपरवेट इकडून तिकडे सरकवत होत्या.

सोशल मीडियावरच्या माझ्या दोन खात्यांवरून तू मला किती पिडायचीस. एकावर पूर्ण नाव, हुद्दा, आणि भाजल्यावर टूथपेस्ट लावू नका, गार पाणी ओता, असले उपदेश. दुसऱ्यावर टोपणनाव आणि फक्त घरची माणसं. नवरा एक मिळेना आणि खाती दोन, असं तू मावशीसमोर म्हणालीस तेव्हा मीसुद्धा हसले होते. पण तो नखरा नव्हता गं. आमच्या जळीत वॉर्डात येणाऱ्यांना पट्टी बदलणारे हात हवे असतात, न थकणारे, कुठे न जाणारे. त्या हातांना घर आहे, मावशी आहे, त्यांनाही गाणी आवडतात, हे त्या लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ नये, एवढंच मी जपत होते.

मावशीच्या वाढदिवसाला मी ड्यूटी संपवून थेट आले होते. त्या सकाळी वॉर्डातल्या त्या भाजलेल्या लहान मुलीची पट्टी मीच बदलली होती. तिच्या अंगात ताप होता, पण तो यायचा आणि उतरायचा. तू हात धरून ओढलंस आणि मी नाचले. खूप दिवसांनी मनापासून नाचले. तू त्याचा व्हिडिओ टाकलास, 'आमची सिस्टर बघा' असं लिहून, आणि माझं कामाचं खातं त्याला जोडलंस. कौतुकानंच केलंस. ती मुलगी त्याच संध्याकाळी गेली. मला दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या खाटेवरची चादर काढायला सांगितली तेव्हा.

तिचे वडील माझं ते खातं बघायचे. जखमेची काळजी कशी घ्यायची ते वाचा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी माझ्या नाचाशेजारी लेकीचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, माझी पोरगी जात होती तेव्हा तिची सिस्टर नाचत होती. पुढचं तू पाहिलंसच. अनोळखी लोकांनी आईलासुद्धा सोडलं नाही. माझी ड्यूटी संपली होती, हे कुणाला सांगणार, आणि ऐकणार कोण?

तुला ते बघवलं नाही. तू माझी बाजू मांडायला बसलीस आणि मी जेवताना तुला जे जे सांगितलं होतं, ते सगळं लिहून मोकळी झालीस. उकळत्या पाण्याचं पातेलं पोरीच्या हाताशी तसंच ठेवून बाप दारात फोनवर बोलत होता. सुरुवातीला त्याला वॉर्डात पाऊल टाकवत नव्हतं, काचेपाशी उभं राहून तो परत जायचा. यातलं अक्षरही खोटं नाही. लोक एका दिवसात फिरले. मला देवी केलं आणि त्यांना धरलं. त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी 'खुनी' असं रंगवलं. बायको माहेरी निघून गेली. तू मला निरोप पाठवलास, ताई, आपण जिंकलो. तो वाचून मी फोन बंद केला.

काल दुपारी तिचे वडील आपल्या घरी आले. आईला वाटलं भांडायला आलेत, ती दार अडवून उभी राहिली. मी त्यांना आत घेतलं. कपडे चुरगळलेले होते, नखांत काळा रंग. शटरवरचा 'खुनी' घासून आले होते, निघाला नव्हता. दिलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. माफी मागितली नाही आणि मलाही ती नको होती. पातेल्याचं लोकांना कसं कळलं, एवढंच त्यांनी विचारलं. ते त्यांनी डॉक्टरांना आणि मला सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मी घरी बोलले, असं मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग खाली बघत विचारलं, त्या दिवशी सकाळी मला यायला जमलं नाही सिस्टर, पट्टी बदलताना ती काही बोलली का? बोलली होती. मी त्यांना सांगितलं. ते रडले नाहीत. ते वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि उठून गेले.

आज सकाळी मी मेट्रनबाईंकडे जाऊन आले. पातेल्याची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली, असं लिहून दिलं. बहुतेक नोकरी जाईल. जायलाच हवी, असंही कधी कधी वाटतं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. तू माझ्या बाजूनं जे लिहिलंस ते हे वाचल्यावर लगेच काढून टाक. त्या जागी माफी लिहू नकोस, खुलासा लिहू नकोस, माझ्यासाठी म्हणून यापुढे एक ओळही लिहू नकोस. काढल्यानं त्यांचं शटर स्वच्छ होणार नाही, हे मलाही कळतं. आणि रविवारी जेवायला ये. शेजारी बसू, काय हवं ते बोलू. फक्त ती मुलगी काय म्हणाली ते मला विचारू नकोस. आजवर वॉर्डातून आले की तुझ्यापाशी सगळं ओतून मी हलकी व्हायचे, तुझ्याशिवाय मला कोण होतं? पण ते वाक्य तिच्या बापाचं आहे. ते मी तुला सांगणार नाही, टिल्लू. यापुढे तसलं काहीच सांगणार नाही.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
ताई