भोंगा झाल्यावर

२ मे १९५४, तेर्नी

आईच्या पत्रात पुन्हा तेच. म्हणे, भाऊ मेला म्हणायला तुझी जीभ धजते कशी! मी कधी म्हटलं मेला? मी इतकंच म्हटलं की बूट आणि कोट धबधब्याच्या काठावर ठेवून कोणी अनवाणी पळून जात नाही. तिला ते ऐकायचंच नाही. ब्रूनो बेल्जियमला गेला, बाई घेऊन गेला, तेही तिला चालतं. जिवंत असला म्हणजे झालं. प्रेत सापडलं नाही ना? मग घरात कोणी काळं घालायचं नाही. पाद्रीबाबांनी घंटा वाजवायची नाही.

आणि वहिनीने काय करायचं? गावाच्या लेखी ती नवऱ्याने टाकलेली. ती झऱ्यावर गेली की बायका बोलायच्या थांबतात. मी निघालो तेव्हा म्हणाली, ‘‘मेला असेल तर रडेन. टाकून गेला असेल तर थुंकेन. पण काय ते एक सांग.’’

त्यासाठीच तर इथे आलो. ब्रूनो होता त्याच पोलादाच्या भट्टीवर लागलो.

५ मे

पावात मीठ नाही. घरमालकीण म्हणते, सवय होईल. कसली होते! पाळीचा भोंगा झाला की अजून दचकतो, ते वेगळंच.

९ मे, रविवार

धबधब्यावर गेलो. रोमच्या जुन्या लोकांनी डोंगर फोडून नदी कड्यावरून खाली लोटली, ती आजही पडतेच आहे. पण मालक आता वीजवाले. आठवडाभर पाणी त्यांच्या नळांत, रविवारी आधी भोंगा देऊन लोकांना बघायला सोडतात. पाणी नसतं तेव्हा खालच्या डबक्यांत मासे अडकतात. ते धरायला इथली माणसं खडकांवर उतरतात. ब्रूनोही उतरायचा.

सेत्तीमियो म्हणून म्हातारा आहे, मासे धरणारा. त्याने ब्रूनोला शेवटचं पाहिलं. मी भाऊ म्हटल्यावर आधी नजरच देईना. मग सांगितलं, भोंगा झाला, आम्ही सगळे वर धावलो, तुझा भाऊ उलटा धावला. पलीकडच्या रस्त्याकडे. पळून जाणाऱ्यासारखा.

बेल्जियमची आवई इथूनच उठली तर!

वहिनीला हे कळवायचं?

१२ मे

झोप नाही. डोळा लागला की तो धावताना दिसतो. तोंड दिसत नाही. नुसती पाठ.

१६ मे, रविवार

सकाळी सेत्तीमियोबरोबर खाली उतरलो. कुठून धावला ते दाखव म्हटलं. सगळं ओलं, शेवाळलेलं, कड्याच्या पोटात काळी कपार. मी डबक्यात वाकून बघत होतो. तेवढ्यात वर भोंगा झाला.

मला काही कळलं नाही. भान आलं तेव्हा मी कपारीच्या तोंडाशी होतो आणि म्हाताऱ्याने मागून गळपट्टी धरली होती. ओढत ओढत वर नेलं. आम्ही वर पोचलो आणि खाली पाणी कोसळलं. कपार दिसेनाशी झाली.

म्हातारा धापा टाकत म्हणाला, ‘‘पोरा, तुम्ही दक्षिणेकडचे सगळे असेच वेडे का रे? भोंगा झाला की वर पळायचं!’’

आमच्याकडे आत पळायचं. लढाईत स्टेशनावरचा भोंगा झाला की विमानं यायची. आई आम्हा दोघांना दंडाला धरून डोंगरातल्या गुहेत ढकलायची. विचार करत बसलास तर मेलास, म्हणायची. रोज घोकून घ्यायची. भोंगा झाला की आत.

तो रस्त्याकडे धावलाच नाही.

  

१७ मे

आईला काय सांगू? तुझंच ऐकलं त्याने, हे सांगू?

१८ मे

घरी कळवलं. खडकावरून पाय घसरला, मी जागा पाहिली, टाकून गेला नाही. एवढंच. वहिनीच्या नावाने पैसे पाठवतो आहे. दोघींच्या काळ्या कापडाचे, आठ हजार लिरा.