घोयरा सरडा, ओली वाळू आणि दुलीचंदांचे कोठार

बालाघाट,
रविवार, ११ मे १९८६

चि. नंदकिशोर यास अनेक आशीर्वाद.

प्रशिक्षण संपवून तू नागपुरास सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. तुझा सर्दीखोकला कसा आहे? इकडे तुझी ताई ठीक, माझा गुडघा पूर्वीइतकाच बोलका, आणि तू आमच्या स्वाधीन करून गेलेला घोयरा सरडा मजेत आहे. त्याला न्यायला धावत येण्याची घाई नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तू प्राणिशास्त्राचा प्राध्यापक. तुला एक शास्त्रीय शंका विचारायची आहे, पण ती समजायला थोडा पूर्वेतिहास लागेल. (संस्कृतच्या मास्तराला भाष्य लिहिल्याशिवाय सूत्र कळत नाही, हे तू लग्नाच्या पंगतीतच म्हणाला होतास. मी विसरलेलो नाही.)

सरड्याबरोबर तू त्याचा शिधा म्हणून पन्नास जिवंत रातकिड्यांचा डबा दिला होतास. एकादशीला मी फराळाला बसलो, समोर डब्यात ते बिचारे घुसमटत होते, आणि माझ्या मनात दया उत्पन्न झाली. झाकणाची भोके मी कर्कटकाने जरा मोठी केली. दया ही मोजून करायची गोष्ट आहे, हे शास्त्रकारांनी कुठेतरी लिहायला हवे होते. संध्याकाळपर्यंत डब्यात तीन वृद्ध रातकिडे उरले, आणि बाकीचे सत्तेचाळीस घरभर गाऊ लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या रेशमी सोवळ्याला निऱ्यांपाशी खिडकी पाडली आणि नववीच्या चार उत्तरपत्रिका कुरतडल्या. चारही पास झालेल्यांच्या. नापासांच्या कागदात पोषण नसावे.

मी घाबरून तुला लिहिले. तुझे उत्तर आले की भाऊजी, अजिबात चिंता नको, सुटलेले रातकिडे घरात वंश वाढवू शकत नाहीत. त्यांना अंडी घालायला ओली माती नाहीतर वाळू लागते, ती तुमच्या घरात कुठे असणार? हे वाचून मी निर्धास्त झालो आणि पाणी प्यायला उठलो. माठापाशी तुझी ताई उमा वाकून, वैनगंगेच्या वाळूवर तांब्याने पाणी शिंपडत होती.

अरे प्राध्यापका! तीन माठ, त्यांच्याखाली दोन घमेली वाळू, आणि ती दिवसातून तीनदा भिजवली जाते. अशाच वाळूवरच्या माठाचे पाणी तू तिच्या माहेरी, म्हणजे तुझ्याच घरी, वीस वर्षे प्यायलास. सगळ्या पृथ्वीवरची ओली वाळू तुला आठवली, फक्त आईच्या स्वयंपाकघरातली नाही. मी बोटाने वाळू उकरली, तर खाली तांदळाच्या कणीसारखी अंडी. तुझ्या ताईने उन्हाळाभर जे पुण्य म्हणून केले, ते रातकिड्यांचे प्रसूतिगृह निघाले.

एवढ्यावर भागले असते, पण भिंतीपलीकडे आमचे घरमालक दुलीचंद यांचे तांदळाचे कोठार आहे. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. दुलीचंदांनी भिंतीतून येणाऱ्या गाण्यावरून स्वतःच्या सर्वनाशाचे केले. दारात उभे राहून म्हणाले, “मास्तरजी, आप सरडा पालो, मगर पालो, हम कुछ नहीं बोले. मगर अगले इतवार को हम घर देखेंगे. एक भी कीड़ा दिखा, तो महीने के आखिर में मकान खाली.” एकोणीस वर्षे आम्ही या घरात आहोत. शाळा हाकेवर, विहिरीला मे महिन्यातही पाणी. असे घर आता बालाघाटात मिळायचे नाही, आणि मिळालेच तर माझा गुडघा ते शोधायला जायचा नाही.

उमा वाळू काढू देईना. मेच्या तोंडावर माठ कोरड्या पाटावर ठेवायचा, म्हणजे तिच्या मते मडकेच फोडण्यासारखे. शिवाय सरडा तिच्या माहेरचा पडला, तेव्हा त्याच्या जेवणाविषयी बोलायची माझी प्राज्ञा नव्हती. अखेर शनिवारी ती देवळात गेल्यावर मी शेवंताबाईला (आमची भांडीवाली, तू ओळखतोस) वाळू उचलायला सांगितले. तिने घमेली भरली; माठाखालच्या ओलाव्यात दडून बसलेले गवईही, सहकुटुंब, त्यातच गेले. पाच मिनिटांत ती परत.

“कुठे टाकलीस?”

“कुठं म्हंजे? सेठजीच्या कोठ्याच्या मांगच्या दाराशी. तिथं चिखल होऊन राह्यला न जी. मी काल पडूनच गेलती. आता कसं कोरडं झालं!”

गेल्या रविवारी दुलीचंद आले. पाटाखाली पाहिले, देवघरामागे पाहिले, माझ्या पुस्तकांच्या कपाटात तोंड घातले आणि शिंकले. किडा नाही, आवाज नाही. घर मुंज्याच्या डोक्यासारखे साफ. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून, त्यांच्याच कोठारातून, चार-पाच जणांनी एकदम सूर लावला.

मी खोटे बोललो नाही. मला कुणी काही विचारलेच नाही. दुलीचंदांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा खिडकीत काठीवर बसलेल्या सरड्याकडे. त्याच क्षणी त्या गुणी प्राण्याने वीतभर जीभ फेकून एक माशी टिपली. दुलीचंदांचे डोळे भरून आले. “मास्तरजी, ये तो बड़ी काम की चीज है. आपका घर इसीने साफ किया?” मी छताकडे पाहिले. पंधरा दिवसांसाठी सरडा त्यांच्या कोठारात, आणि कोठार स्वच्छ झाले की आम्ही हयात असेतो घर आमचे, असा शब्द त्यांनी दिला. उमाने त्याला हळदकुंकू लावून पाठवला. तूही असा कधी गेला नसशील.

तर शास्त्रीय शंका ही: सुटलेले रातकिडे तांदळाच्या कोठारात वंश वाढवतात काय? सावकाश विचार करून कळव.

तुझा,
भाऊजी (त्र्यंबक)

ता. क. आणखी एक किरकोळ जिज्ञासा. घोयरा सरडा गोणपाटावर बसला तर कोणत्या रंगाचा होतो? आणि तो रंग किती दिवस टिकतो?

ता. क. २. उत्तर पाठवू नकोस, स्वतःच नीघ. गुरुवारपासून सरडा दिसत नाही. कोठारात चारशे पोती आहेत आणि सगळी त्याच्याच रंगाची. मी रोज मुलांच्या वह्या तपासण्याच्या निमित्ताने तिथे बसतो आणि पोती तपासतो. येत्या शनिवारी माल ट्रकने गोंदियाला जायचा आहे. दुलीचंद रोज विचारतात, “कैसा है हमारा शेर?” मी म्हणतो, कामात आहे.

ता. क. ३. शोधायला वेळ घालवण्यापेक्षा येताना दुसराच सरडा घेऊन ये, साधारण त्याच मापाचा. दुलीचंद त्याला चेहऱ्याने ओळखत नाहीत. तुझी ताई ओळखते. तिला काय सांगायचे ते गोंदियाला गाडी बदलताना ठरव. मी त्या वेळी शाळेत असेन.