खोक्यावरचे त्र्याहत्तर

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

आम्ही इकडे ठीक. गुडघा दुखतो, पण तो पायालाच चिकटलेला असल्यामुळे बरोबर येतो. तू विचारशील म्हणून आधीच सांगितलं. आता कामाचं ऐक.

या पत्रासोबत जुन्या पॅन्टच्या तुकड्यात गुंडाळून एक सुरी पाठवलीय. उघडताना बोटं सांभाळ. ही आपल्या जावईबापूंची करणी. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनी कारखान्यातली फिटरची नोकरी सोडली आणि आमच्या गल्लीच्या टोकाला भाड्याचा गाळा घेऊन सुऱ्या बनवायला बसले, ते तुला ठाऊक आहेच. माझ्या लेकीने तेव्हा हूं की चूं केलं नाही. मी दोन्ही केलं.

सुरी साध्या पोलादाची नाही. कुठल्याशा परदेशी धातूच्या पट्ट्या त्यांनी मागवल्या, कोबाल्ट की काय म्हणतात. लोहचुंबक लावला तर ढिम्म धरत नाही. खोक्यावर ठळक छापलंय, कठीणपणा ७३. तूच मला सांगितलं होतंस की चांगल्या पोलादी सुरीचा आकडा अठ्ठावन्न-साठ असतो, आणि पासष्टाच्या पुढची सुरी हातातून पडली तर काचेसारखी तडकायची भीती. मग ही त्र्याहत्तरची बाई मी टेबलाच्या पकडीत धरून वाकवली, तर मुकाट वाकली. तुटली नाही. कानस फिरवली तर धड घसरेना, धड चावेना, नुसती कुरकुरली. एकवीस वर्षं मी दगडावर धार लावतेय. असली हट्टी सुरी पाहिली नाही.

अडचण अशी. मासळी साफ करायच्या शेडमधल्या सगळ्या सुऱ्यांना धार माझीच असते. तिथला मुकादम म्हणतो की धारवाल्या बाई हो म्हणाल्या तर यातल्या साठ घेऊ. म्हणजे जावयाची सुरी खरी की खोटी हे सासूने सांगायचं! साठ सुऱ्या गेल्या खड्ड्यात. पण आकडा खोटा निघाला तर मी पोटची पोर लबाडाच्या घरी दिली, एवढंच मला कळतं, आणि ते डोक्यात आल्यापासून घास उतरत नाही.

तुझ्या चाचणीखोलीतलं कठीणपणा मोजायचं यंत्र नातंगोतं बघत नाही असं तू तोऱ्यात सांगत असतोस. मग तूही बघू नको. जावई म्हणून एक आकडा जरी वाढवलास, तर तुझ्या घरी येऊन महिनाभर राहीन.

भावजयीला आशीर्वाद. माया ठेव, आणि उत्तर त्याहून लवकर ठेव.

तुझी ताई


दि. ११ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र आणि सुरी, दोन्ही धारदार वस्तू मिळाल्या. बोट कापलं नाही. महिनाभर राहायला येण्याची धमकी वाचून तुझी भावजय खूश झाली, म्हणाली की आकडा वाढवाच.

पण वाढवायला जागाच नाही. सुरीचा सपाट भाग स्वच्छ पुसून पाच ठिकाणी यंत्राचं हिऱ्याचं टोक दाबून पाहिलं. त्याआधी यंत्र ठीक आहे ना, हे ठरलेल्या आकड्याच्या ठोकळ्यावर तपासलं. पाचही वेळा चव्वेचाळीस नाहीतर पंचेचाळीस. तुझ्या स्वयंपाकघरातली जुनी सुरीसुद्धा याच्या पुढे असेल. खोक्यावर त्र्याहत्तर छापायचं आणि आत पंचेचाळीस द्यायचे, याला आमच्या खोलीत एकच शब्द आहे, थाप. लोक परदेशी धातूचं नाव ऐकलं की भुलतात, आणि विकणारे ते ओळखून असतात.

तू नातं बघू नको म्हणालीस, म्हणून स्पष्ट लिहिलं. मुकादमाला शब्द देऊ नकोस. एकवीस वर्षांचा तुझा शब्द आहे, तो या सुरीखाली ठेवू नकोस. पोरीला मात्र सांभाळून सांग. रागाच्या भरात काही बोलू नकोस, एवढी विनंती.

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा


दि. १९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

सांभाळून सांग म्हणालास. मी ती ओळ नंतर वाचली. थाप या शब्दापर्यंत आले आणि चप्पल घातली.

गाळ्यात गेले तेव्हा जावईबापू सुऱ्यांना मुठी बसवत होते, लेक खोकी जोडत होती. मी तुझं पत्र टेबलावर आपटलं आणि तोंडाला येईल ते बोलले. लबाड म्हणाले. फिटर होतात तेच बरं होतं, तेव्हा निदान मालावर खोटं छापत नव्हतात, असंही म्हणाले. आवाज चढवतील, हुज्जत घालतील, याची मी तयारी करून गेले होते, तर त्यांनी पत्र दोनदा वाचलं, खणातून एक घडी पडलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले की धातूच्या पट्ट्यांबरोबर हा आला होता, आकडा यातलाच आहे, मामांना दाखवा. लेकीने मात्र सुनावलं. म्हणाली की आई, तुला या घरात यायचं असेल तर यांच्याशी बोलायला शिकून ये. एवढं म्हणून खोकी जोडत राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो कागद सोबत आहे. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, सगळं परदेशी आहे.

आता दुसरं, जे तुला लिहायचं राहिलं. त्याच धातूची एक सुरी मी महिन्याच्या सुरुवातीलाच शेडमध्ये पहिल्या टेबलावरच्या मावशींना वापरायला दिली होती. त्या दिवसभर मोठी मासळी कापतात, हाडासकट, खाऱ्या पाण्यात. त्यांची पोलादी सुरी दिवसातून दोनदा माझ्या दगडावर येते. ही सुरी सोळा दिवसांत दोनदा आली. गंजाचा ठिपका नाही. मी मावशींवर ओरडले की सुरी वापरत नाही, ट्रंकेत ठेवता. त्यांनी माझ्यासमोर भलामोठा मासा उभा चिरला आणि मला बाजूला हो म्हणाल्या.

मग पंचेचाळीस कसे? पंचेचाळिसाची सुरी दुपारपर्यंत बोथट व्हायला हवी. एक तर तुझं यंत्र पिऊन बसलंय, नाहीतर तू. शिकलेला आहेस ना? नीट बघ. पोरीचं दार बंद झालंय आणि मी इथे हात चोळत बसलेय.

रागावले तरी तुझीच,
ताई


दि. २५ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू पत्र फाडशील. जावईबापू लबाड नाहीत.

कागदावर ७३ आहेच. पण आकड्याच्या पुढे बारीक टायपात मोजपट्टीचं अक्षर आहे, आणि ते ए आहे. कठीणपणा मोजायच्या पट्ट्या अनेक असतात, जसे फूट आणि मीटर. सुऱ्यांचे आकडे सगळं जग सी पट्टीवर सांगतं. तुला माहीत असलेले अठ्ठावन्न-साठ सीचेच. ए पट्टीत हिऱ्याचं टोक तेच, पण दाब हलका, म्हणून आकडा मोठा दिसतो. ज्याने धातू विकला त्याने खरं लिहिलं होतं. जावईबापूंनी फक्त आकडा उचलला, अक्षर खाली राहिलं. काल मी तीच सुरी ए पट्टीवर दाबली. त्र्याहत्तर आले, ताई.

आता तुझ्या मावशींचं. डांबरी रस्त्यावर पहार दाबली तर आत जाते, कारण डांबर मऊ आहे. पण त्यावरून वर्षभर गाड्या गेल्या तरी रस्ता टिकतो, कारण आत खडी आहे. या धातूचं तसंच आहे. मूळ अंग मऊ, म्हणून वाकतं आणि यंत्राला पंचेचाळीस सांगतं. आत बारीक बारीक फार कठीण कण आहेत, ते धार धरून ठेवतात. तुझी कानस त्यांच्यावरच कुरकुरली. आकडा मी बरोबर मोजला, आणि त्यावरून सुरीची किंमत चुकीची केली. त्याहून वाईट म्हणजे माणसाची केली. कागद मागायच्या आधी थाप हा शब्द लिहायला नको होता. चूक माझी आहे, हे दोघांनाही सांग. मीही वेगळं पत्र लिहितो.

पण खोक्यावर ७३ राहता कामा नये. वाचणारा सीच समजणार. नकळत का होईना, ते खोटंच.

कान धरून उभा असलेला,
धाकटा


दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
उदंड आशीर्वाद, वि. वि.

कान सोड. माझे कोण धरणार ते आधी बघू.

तुझं पत्र मिळालं तशी उठले. दारात लेक होती. आत ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. जावईबापू आतच होते. तुला माझी जीभ माहीत आहे, ती सरळ चालते आणि वाईट बातमीपासून सुरू होते. मी सांगितलं की कागदावरचा आकडा दुसऱ्या पट्टीचा आहे, खोक्यावर छापलंय ते चूक आहे, खरे पंचेचाळीस. पुढचं सांगायला श्वास घेतला, तर माणूस सायकलला टांग मारून गेलासुद्धा! लेकीला एवढंच म्हणाले की दोन दुकानांत बावीस खोकी गेलीत, ती कोणाच्या हातात पडायच्या आत परत आणतो.

मी रस्त्यात ओरडले, अहो थांबा, सुरी चांगली आहे! ऐकतंय कोण.

मग मी लेकीला डांबर आणि खडी सगळं सांगितलं. थाप हा शब्द मामा मागे घेतोय, असंही मी सांगितलं. मामाचं झालं, तुझं काय, म्हणाली. तुझीच भाची. मी म्हटलं, मी त्यांना लबाड म्हणाले, ते माझ्या चुलीत जावो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मला तहान नव्हती, पण सगळा प्यायले.

जावईबापू दोन तासांनी आले, सायकलच्या मागे पुढे खोकी बांधून, घामाने निथळत. तीन सुऱ्या विकल्या गेल्या होत्या, त्यांतल्या दोन गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन आले होते. तिसऱ्याचा पत्ता दुकानदाराकडे नव्हता, तेवढ्यासाठी चेहरा पडलेला. सुरी चांगली आहे हे तोवर त्यांना ठाऊकच नव्हतं, बघ. आपला धंदा बुडाला असं समजून हा माणूस सायकल हाणत होता, आणि तरी खोकी गोळा करत होता. मी मावशींची सोळा दिवसांची गोष्ट सांगितली, तुझी खडी सांगितली. ते खोक्यांवरच बसले. हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. मग आम्ही तिघं बसून प्रत्येक खोक्यावरचा आकडा खरवडला. मी माझ्या पात्याने भराभरा खरवडले, त्यांनी एक एक सावकाश.

परवा शेडवर गेले. मुकादमाने आधी आकडाच विचारला. मी म्हटलं पंचेचाळीस. त्याने नाक मुरडलं, आमच्या जुन्या सुऱ्या छप्पनच्या आहेत म्हणाला. मी म्हटलं, सुरी माझ्या जावयाची आहे, तेव्हा माझा शब्द अर्धाच धरा, उरलेला अर्धा पहिल्या टेबलावर विचारा. तो मावशींकडे गेला आणि ती सुरी दाखवा म्हणाला. मावशींनी मान वर न करता सांगितलं की दाखवते, पण हातातून सोडणार नाही. साठ घेतल्या त्याने.

शेडमधून माझ्याकडे येणारं धारेचं काम आता निम्म्याहून कमी होणार, हे घरी आल्यावर लक्षात आलं. जावयाने सासूच्या पोटावर पाय दिला, आणि सासू जेवली पोटभर. दोनदा भात घेतला.

पोरीला माणूस चांगला मिळालाय, धाकट्या. हे तुलाच लिहितेय. तू त्यांना पत्र लिहिशील त्यात हे घालू नको, उगाच डोक्यावर बसतील.

भावजयीला सांग, महिनाभर नाही, पण आठ दिवस येतेय. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे. थोडी वाढवलीस तर परत पाठवणार नाही.

तुझी ताई