माळ्यावरचा उजेड

सोमवार, ११

छपराच्या उत्तरेकडच्या उताराचं शेवाळं संपलं एकदाचं! गुडघे सोलवटले, नखांत हिरवं, कंबर तर माझी राहिलीच नाही. मऊ ब्रशनेच घासलं. तारेच्या ब्रशने लाकूड सोलून निघतं, एवढं बाबांकडून लहानपणीच ऐकलेलं. ही लाकडाची कौलं त्यांनीच तासली, त्यांनीच ठोकली. आता ते खाली पलंगावर. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि वाचाही. डावा हात तेवढा उरलाय.

दादाचा फोन. "रविवारी येतो, छप्पर बघतो. गळकं असेल तर बाबांना तिथे ठेवायचं नाही. वृद्धाश्रमात मी बोलून ठेवलंय." आणि मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं — "त्यांना आता कळतंय काय? इथे काय नि तिथे काय, सारखंच."

फोन ठेवला आणि ब्रश भिंतीवर फेकून मारला.

मंगळवार, १२

माळ्यावर चढले. छप्पर आहे की चाळण! जिकडे बघावं तिकडे उजेडाचे ठिपके. कोठीच्या खोलीवर तर सगळ्यात जास्त. दर दोन कौलांमध्ये नख शिरेल एवढी फट. इतके दिवस कडक ऊन होतं म्हणून निभावलं, एक सर आली की संपलं. दादा तर टपूनच बसलाय.

खाली येऊन बाबांना म्हटलं, "बाबा, वरून नुसता उजेड दिसतोय हो." त्यांनी डावा हात उचलला. बोटं फाकवली, मग हळूहळू एकमेकांना चिकटवली. पुन्हा फाकवली, पुन्हा चिकटवली. व्यायामाच्या बाईंनी शिकवलेला व्यायाम! मी इथे रडकुंडीला आलेय आणि यांचा व्यायाम चाललाय. तरी "शाब्बास" म्हटलं.

गुरुवार, १४

फटी बुजवायला डांबरी लुकण आणलं. दुकानदार म्हणाला, "ठासून भरा ताई, मुंगीसुद्धा शिरणार नाही." दिवसभर छपरावर. भरायचं, सुरीने दाबायचं, पुढे सरकायचं.

शिडी बाबांच्या खिडकीसमोर आहे. मी चढायला लागले की त्यांचा हात वर. बोटं फाकव, बोटं मिट. वर घशातून "आं — आं" असा आवाज. पाणी हवंय? कूस बदलू? लघवीचं भांडं देऊ? नुसती बोटं! शेवटी भांडं आणलं तर एका फटक्यात उडवून दिलं. लादी पुसता पुसता माझा तोल गेला. "बाबा, तुमच्यासाठीच मरतेय ना मी वर!"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला स्वतःची लाज वाटली, पण सॉरी म्हणायचं त्राणही नव्हतं.

शुक्रवार, १५

कोठीवरचा कोपरा तेवढा राहिला — लुकण संपलं आणि दुकान बंद. मरू दे, तिथे कोण झोपतंय! बाबा जेवले नाहीत.

रविवार, १७

दादा आला, माळ्यावर गेला. एवढ्याशा कोपऱ्यात उजेड, बाकी सगळा मिट्ट काळोख. "बरं केलंस की!" म्हणाला. मला रडायलाच आलं. पण पायरी उतरताना म्हणालाच, "पाऊस पडू दे, मग खरं काय ते कळेल. थेंब जरी गळला तरी मी नेणार त्यांना."

बाबांच्या समोर म्हणाला. ते पलंग-टेबल असल्यासारखं.

मंगळवार, १९

सकाळपासून पाऊस. दुपारपर्यंत थेंब नाही! एकटीच स्वयंपाकघरात नाचले.

संध्याकाळी वरून आवाज. कट्‌! मग पुन्हा कट्‌! बाबा छताकडे टक लावून आहेत.

बुधवार, २०

सगळं गळतंय. पातेली, बादल्या, परात, काही पुरत नाही. बाबांच्या उशीवर धार. माळ्यावर गेले तर बघवेना. कौलं भिजून फुगलीयत आणि फुगायला जागाच नाही. एकमेकांना रेटून वर आलीयत, खिळ्यांसकट उचकटलीयत, कितीतरी मधोमध चिरलीयत. बाबांनी घातलेलं छप्पर मी माझ्या हातांनी मोडलं.

दादाने फोनवर विचारलं, "गळतंय?" खोटं बोलता आलं नाही. "उद्या गाडी घेऊन येतो," म्हणाला. मी हरले. बाबांचे कपडे बॅगेत भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले.

गुरुवार, २१

पलंग ओढत कोठीच्या खोलीत आणला. घरात तेवढीच जागा कोरडी. इथे मी लुकण लावलंच नव्हतं! शिडी लावून वर पाहिलं. उजेडाचा एक ठिपका नाही. इथली कौलं भिजली, फुगली आणि आपली आपण मिटली.

खाली वळले. बाबांचा हात वरच होता. बोटं फाकवली — कोरडी. मग हळूहळू चिकटवली — ओली. मीही माझी बोटं तशीच केली. ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा!

व्यायाम नव्हता तो. बाबा सांगत होते, आणि मी शाब्बास म्हणत होते.

फाटकाशी दादाची गाडी वाजतेय. वाजू दे. बॅग रिकामी केलीय. आज बाबा बोलतील त्याच्याशी.