लुईस बेटावरचा धाकटा

मनुरेवा, ऑकलंड
२१ मे २००६

प्रिय लहू,

दर पत्रात वर आशीर्वाद लिहितो. आज हात धजत नाही. आम्ही बरे आहोत. इथे थंडी सुरू झालीय, कांचनचे गुडघे दुखतात. आमच्या सिद्धीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते.

तुझं जानेवारीतलं पत्र मिळालं. चार महिने ते देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. रोज पूजा करताना दिसायचं.

आधी दुसरंच सांगतो. शेजारी कॅलम नावाचे म्हातारे राहतात. त्यांचे आजोबा स्कॉटलंडजवळच्या लुईस बेटावरून इकडे आले. कुंपणावरून झाडाची फळं देता देता त्यांनी मला तिकडच्या बेटांच्या राज्याची गोष्ट सांगितली. नॉर्वेकडून जहाजांतून लुटायला आलेले लोक तिथेच राहिले, तिथल्या गेलिक बायकांशी लग्नं केली, आणि त्यांची मुलं समुद्रावर राज्य करू लागली. मॅन बेटावर राजा, आणि उत्तरेपर्यंतची बेटं त्याच्या हुकमतीखाली. पुढे गॉडरेड नावाचा राजा मरताना म्हणाला, गादी धाकट्या ओलाफला द्या. ओलाफ दहा वर्षांचा. लोकांनी थोरल्या रॉग्नवाल्डला बसवलं. थोरल्याने भावाला लुईस दिलं, नुसता खडक. इथे पोट भरत नाही, असं सांगायला ओलाफ आला, तर थोरल्याने त्याला बांधून स्कॉटलंडच्या राजाकडे कैदेत पाठवलं. सात वर्षं.

"आठशे वर्षं झाली," कॅलम म्हणाले, "पण लुईसवाले अजून रागावलेलेच आहेत." आणि हसले. मीही हसलो.

इथल्या सँडरिंगहॅमला रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरतो. गेल्या रविवारी मी तिथे हीच गोष्ट सांगितली. कैदेपर्यंत आलो तेव्हा एका मुलीने विचारलं, "पण त्याने केलं काय होतं?" मी म्हणालो, तो दारू पिऊन दरबारात आला होता.

कॅलम असं काही बोलले नव्हते. माझ्या तोंडातून ते आपोआप आलं. मुलीचं समाधान झालं. "मग बरोबर केलं," ती म्हणाली.

कांचन मागे बसली होती. परतताना मोटरवेवर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लहूभावजी प्यायलेले नव्हते. मला तेव्हाच माहीत होतं. मीही गप्प बसले."

लहू, बाबा गेले तेव्हा तूही दहा वर्षांचा होतास. भैरोबाची पूजा लहूकडे द्या, त्याला सगळं पाठ आहे, असं ते पंचांसमोर म्हणाले होते. मी म्हणालो, पोर लहान आहे, मोठा झाला की बघू. तू मोठा झालास तेव्हा मी तुला डोंगरावरच्या म्हसोबाची पूजा दिली. तिथे वर्षाला चार माणसं चढत नाहीत. तू भैरोबाच्या पूजेची फक्त निम्मी पाळी मागायला आलास. बरं, यात्रेनंतर बोलू, असं मी म्हणालो.

यात्रेच्या आरतीला तू पायरीवर अडखळलास. ताट पडलं. पंचांच्या बैठकीत मी सांगितलं, लहू पिऊन गाभाऱ्यात आला. तुझ्या अंगात ताप होता. सकाळी मीच तुझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

त्या दिवसापासून पंधरा वर्षं तू उंबऱ्याबाहेरून हात जोडतोस. मी सात वर्षं पूजा केली, मग ती चुलतभाऊ मोरेश्वरकडे सोपवून इकडे आलो. देव माझ्यावर त्या सात वर्षांत एकदाही रागावला नाही, याचीच मला जास्त भीती वाटते.

कॅलमना काल पुढचं विचारलं. ओलाफने शेवटी राज्य परत मिळवलं, थोरला लढाईत पडला. धाकट्याला त्याचं दुःख झालं म्हणतात. चाळीस वर्षांच्या आत राज्यच राहिलं नाही, बेटं स्कॉटलंडकडे गेली.

तू लिहिलंस की अकरा जूनच्या बैठकीत पुजाऱ्यांची नावं कायमची ठरणार आहेत, 'दादा, एक ओळ लिहून द्या, मला आत जाऊ द्यावं म्हणून.' शिफारस मागितलीस. माझ्या शिफारशीला काय अर्थ? सोबत वेगळा कागद आहे. लहू पिऊन आला नव्हता, मी खोटं बोललो, असं त्यात लिहिलंय. खाली माझी सही आहे, कांचनचीही. तिने स्वतः कागद मागून घेऊन ती केली.

यानंतर गावात मला कोणी देवळाच्या पायरीवर उभं करणार नाही. ते ठीक आहे. तू मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मला नाही.

एवढंच कर. कागद मोरेश्वरच्या हातात देऊ नकोस, तू स्वतः उभा राहून वाच. आणि वाचताना 'दादांनी लिहिलंय' म्हणू नकोस. थोरल्याचं नाव घेताना तुझी जीभ अडेल, मला माहीत आहे. तरी माझं पूर्ण नाव घे.

सुरेश रामभाऊ गुरव