मागचा जिना

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. शिवाय प्रमोशन तोंडावर आलेलं असताना काहीतरी रेकॉर्ड असलेलं बरं.

मॅनेजर साहेबांनी आज मला नावाने हाक मारली. नाव चुकलं, पण हाक मारली हे महत्त्वाचं. पाच मजल्यांच्या दुकानात इतके काळे नोकर, बाकी सगळ्यांना 'ए'. नावाने फक्त लिफ्टमन.

संकल्प: एक, रोज लिहिणे. दोन, युनिफॉर्मची पितळी बटणं रोज घासणे. तीन, चिमीच्या बुटांचं साहेबांच्या कानावर घालणे.

बुटांचं असं झालं. आमच्या लोकांना दुकानात बूट पायात घालून बघता येत नाहीत. घरी कागदावर पाऊल ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद काउंटरवर द्यायचा. गोरी गिऱ्हाइकं खुर्चीत बसून हवे तितके जोड घालून बघतात. नियम आहे. मी केलेला नाही. नवा जोड चिमीला चावतो. पेन्सिल फिरवताना हलली असणार. पोरांना धीर नसतो.

५ मार्च, बुधवार

साहेब घाईत होते. उद्या.

चिमीने परत विचारलं, बाबा, तुमच्या लिफ्टमधून मला कधी नेणार? म्हटलं, दुरुस्तीत आहे. ती शाळेत जायला लागल्यापासून लिफ्ट दुरुस्तीतच आहे. अजून विश्वास ठेवते. गुणी पोर. आता तिला काय सांगायचं, की काळ्या गिऱ्हाइकांसाठी मागचा जिना आहे आणि लिफ्टमध्ये काळा फक्त मी? मोठी झाली की आपोआप कळेल. तोवर नियमही बदलेल. आरडाओरड करून नियम बदलत नसतात, विश्वास संपादन करून आतून बदलतात. ही माझी पॉलिसी.

हिला पॉलिसी समजावून सांगितली. ही म्हणाली, आतून म्हणजे कुठून? बायकांना राजकारण कळत नाही.

७ मार्च, शुक्रवार

साहेब आज मोकळे होते, पण मूड बरा नव्हता. सोमवारी नक्की.

अक्का म्हणाली, राहू दे रे, मीच जाते उद्या बदलून आणायला. अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चिमीपेक्षा लहान होतो. अक्काने लग्न केलं नाही, मला वाढवलं, आता माझ्याकडेच असते. लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर उभं राहून गुडघ्यांची वाट लागली आहे, तरी घरी आल्यावर माझा युनिफॉर्म तीच करते. तिच्या हातची इस्त्री म्हणजे कागदाची घडी. साहेबसुद्धा एकदा म्हणाले होते, याच्याकडे बघा, नाहीतर तुम्ही.

बुटांचं खातं तिसऱ्या मजल्यावर. जिना उभा आहे. तिला म्हटलं, मधे मधे थांबत जा.

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी

आज एक प्रसंग घडला. प्रसंगावधान राखलं. सविस्तर लिहून ठेवतो.

तळमजला. आत तीन गोऱ्या बाया. जाळीचं दार ओढणार तेवढ्यात अक्का आत आली. एका हातात बुटांचा खोका, दुसऱ्या हातात चिमी. आणि जन्मभर लिफ्टने फिरत आल्यासारखी म्हणाली, तिसरा मजला.

चिमीने आधी पितळी हँडलकडे बघितलं, मग वरच्या दिव्याकडे, मग माझ्याकडे.

हॅटवाल्या बाईने आपला स्कर्ट जवळ ओढून घेतला आणि म्हणाली, लिफ्टमन! मी म्हणालो, बाई, जिना मागच्या बाजूला आहे. आवाज सभ्य होता. आवाजावर माझा ताबा चांगला आहे.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, गुडघे चालत नाहीत हो, तिसराच तर मजला आहे. मला परक्यासारखं 'हो' म्हणाली! जन्मात पहिल्यांदा. काय समयसूचकता!

एवढ्यात साहेब आले. मला विचारलं, तुझ्या ओळखीच्या आहेत का या? मी म्हणालो, नाही साहेब.

चिमीचं तोंड उघडलं आणि मिटलं. बोलली असती, 'बाबा' म्हणाली असती, तर सगळंच फिसकटलं असतं. समंजस पोर. अक्का तिचा हात धरून बाहेर पडली आणि मागच्या जिन्याकडे गेली.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर!

बूट बदलून मिळाले नाहीत. घालून झालेले आहेत म्हणे.

९ मार्च, रविवार

अक्काला सगळं नीट समजावून सांगितलं. हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती, मग घर कोणी चालवायचं, वगैरे. ती इस्त्री फिरवत होती. म्हणाली, होय रे, नोकरी आहे तुझी. बाकी काही नाही. म्हणजे पटलं.

चिमी कालपासून बोलत नाही. घसा धरला असणार. गुळण्या करायला सांगितल्या. ही म्हणाली, घसा नाही तो. मग काय आहे, असं विचारलं तर ही भांडी घासायला निघून गेली.

१२ मार्च, बुधवार

चिमी 'हं' म्हणाली. सुधारणा आहे.

अक्काने नव्या बुटांची टोकं कात्रीने कापली. आता बोटं बाहेर येतात. हवा खेळते. पायांच्या आरोग्याला चांगलंच.

१४ मार्च, शुक्रवार

भलतंच. लाँड्रीतल्या पाच-सहा बाया उद्या लिफ्टमध्ये शिरणार आणि बाहेर निघणार नाहीत. डोकं अक्काचं. जेवताना सहज सांगितलं, मीठ मागावं तसं.

मी म्हणालो, अक्का, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ती म्हणाली, आपण पाण्यात कुठे आहोत? आपण जिन्यात आहोत.

यावर चिमी हसली. आठवड्यात पहिल्यांदा. मला बरं वाटलं, म्हणून अक्काला पुढे काही बोललो नाही.

संकल्प: उद्या दुकान उघडायच्या आत साहेबांना गाठायचं. स्पष्ट बोलायचं. भाषण तयार आहे. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. 'साहेब, माणूस म्हणून मी आपल्याला विचारतो' इथे आवाज थोडा चढवायचा. फार नाही.

१५ मार्च, शनिवार

पहाटेपासून पोट बिघडलं. भीतीबिती काही नाही, खाण्यात काहीतरी आलं. ही म्हणाली, सगळ्यांनी तेच खाल्लं. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. शेजाऱ्याबरोबर निरोप पाठवला.

संध्याकाळ. ही बघायला गेली होती, मला न विचारता. हिने सांगितलं ते असं. बाया लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या. गोऱ्या गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला. साहेबांनी वीज बंद करायला लावली, तरी त्या अंधारात तशाच उभ्या. मग पोलीस आले. अक्काला हाताला धरून ओढलं तेव्हा तिचा गुडघा उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर आपटला. ओरडली नाही म्हणे. चालता येईना, म्हणून दोघांनी उचलून गाडीत टाकली.

मी तिथे असतो तर हळू उतरवलं असतं.

आता कोठडीत आहे. उद्या सकाळी जातोच.

१६ मार्च, रविवार

नीट विचार केला. मी कोठडीवर जायचं, कोणीतरी बघायचं, साहेबांच्या कानावर जायचं. मग साहेबांशी बोलणार कोण? म्हणजे मी न जाण्यातच अक्काचं हित आहे. ही धुतलेले कपडे आणि डबा घेऊन गेली. चिमीही गेली. मी घरी बसून भाषण पक्कं केलं.

ही आल्यावर विचारलं, अक्का माझ्याबद्दल काही म्हणाली का? म्हणाली, पोट कसं आहे विचारत होत्या.

१७ मार्च, सोमवार

साहेब स्वतःच लिफ्टमध्ये आले. आम्ही दोघेच. याहून चांगली संधी कुठली? ते म्हणाले, तुझ्या लोकांना झालंय काय? मी म्हणालो, अडाणी आहेत, साहेब.

ही नुसती प्रस्तावना होती. पुढचं बोलणार तेवढ्यात पाचवा मजला आला.

१९ मार्च, बुधवार

अक्का सुटली. घरी आली नाही. लाँड्रीतल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर उतरली आहे. निरोप पाठवला, माझ्यामुळे त्याच्या नोकरीला त्रास नको. मन मोठं आहे तिचं. लाँड्रीवाल्याने तिला कामावरून काढलं. तोही बिचारा काय करणार?

गुडघ्याला पट्टा बांधला आहे, पाणी भरून द्यायला कोणी हवं, म्हणून चिमी तिच्याकडे राहायला गेली. जाताना स्वतःची उशी घेऊन गेली. थोड्या दिवसांसाठी उशी कशाला, असं विचारलं. उत्तर नाही. घसा.

युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. बाहीवर डाग पडला, अगदी इस्त्रीच्या आकाराचा. तो हात पाठीमागे धरून उभा राहतो. रुबाबदार दिसतं.

२२ मार्च, शनिवार

दुकानाबाहेर आमच्या लोकांची रांग. घोषणा नाहीत, धक्काबुक्की नाही. नुसते उभे. आपल्यातल्या कोणी आत जाऊन खरेदी करायची नाही, असं ठरलं आहे. पुढच्या काचेतून दिसतात. वर गेलो की दिसेनासे होतात, खाली आलो की परत आहेतच.

अक्का स्टुलावर बसली होती. पाय पुढे लांब केलेला. शेजारी चिमी, तेच कापलेले बूट. एक गोरा पोरगा जाता जाता चिमीच्या अंगावर थुंकला. तिने बाहीने पुसलं आणि परत सरळ उभी राहिली. एवढंच बघितलं. चौथ्या मजल्याची घंटा वाजली.

रांगेत हिच्यासारखी एक बाई दिसली. तसाच कोट. असे कोट पुष्कळ असतात. ही तर सांगून गेली होती, शिवणाचं काम आहे म्हणून.

२४ मार्च, सोमवार

प्रमोशनचं जाहीर झालं. एक नवा गोरा तरुण, मिसरूड अजून नीट फुटलेलं नाही. साहेब म्हणाले, तू त्याला काम शिकव, तुला सगळं माहीत आहे. म्हणजे एका अर्थी मी त्याचा गुरू झालो. मानाची गोष्ट आहे.

घरी आल्यावर हिला सांगितलं. मानाची गोष्ट आहे, हे वाक्य नीट पूर्ण झालं नाही. खोकला आला.

२६ मार्च, बुधवार

जेवताना तीन ताटं घेतली. एक परत ठेवलं.

हिला सरळ विचारलं, शनिवारी रांगेत तूच होतीस ना? ही म्हणाली, हो. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ही म्हणाली, तुम्ही काचेतून बघत होतात की.

चिमीच्या अंगावरची थुंकी डोळ्यांसमोरून जात नाही. मी तिथे होतो. मधे नुसती काच होती.

२७ मार्च, गुरुवार

ठरलं. शनिवारी रजा. घरात लग्न आहे असं साहेबांना सांगितलं. परवा मी रांगेत उभा राहणार, अक्काच्या शेजारी. नोकरी जाईल. जाऊ दे. हमाली करीन.

हिला सांगितलं. हिने माझ्याकडे नीट बघितलं. मग माझा साधा कोट काढला, त्याचं एक बटण तुटलं होतं ते लावलं आणि दोरा दाताने तोडला. लग्न नवं होतं तेव्हा अशीच दोरा तोडायची.

झोप चांगली लागेल आज.

२९ मार्च, शनिवार

ही सकाळी आधी पुढे गेली. मी मागून निघालो. समोरच्या फुटपाथवर थोडा थांबलो. गाड्या फार होत्या. मग गाड्या नव्हत्या, तरी थांबलो. अक्काला काय म्हणायचं ते मनात म्हणत होतो. भाषण नाही. नुसतं, अक्का, मी आलो.

रस्ता ओलांडला. चिमीने सगळ्यांत आधी बघितलं. अक्काचा हात हलवून तिने दाखवलं. अक्काने मान वर केली. वाळली आहे. गुडघ्याचा पट्टा मळला आहे.

मी जवळ गेलो तशा बाया दोन्ही बाजूंना सरकल्या. मला वाटलं, मला उभं राहायला जागा करताहेत. पण त्या सरकतच गेल्या. मधे सरळ वाट झाली, थेट दुकानाच्या दारापर्यंत. अक्का म्हणाली, वाट द्या गं, त्याला उशीर होतोय.

राग नव्हता. टोमणाही नव्हता. मी शाळेत जायचो तेव्हा दारातल्या बायांना ती असंच सांगायची, त्याच आवाजात. चिमी माझ्याकडे न बघता बाजूला झाली. ही पलीकडे होती. ती माझ्या कोटाकडे बघत होती.

'अक्का' एवढं म्हणालो असेन. ऐकू गेलं नसावं. काचेच्या आत साहेब उभे होते. त्यांनी आतून दार उघडून धरलं. माझ्यासाठी दार धरलं. आणि मी त्या वाटेने चालत गेलो.

इथे कारण लिहायचं. मघापासून बसलो आहे. सुचत नाही.

साहेब म्हणाले, लग्न सोडून कामावर आलास? शाब्बास. मी म्हणालो, हो साहेब.

युनिफॉर्म चढवला. दिवसभर गिऱ्हाईक नव्हतं, रांग बघून गोरेही परत फिरत होते. रिकामी लिफ्ट वर नेली, खाली आणली. रांग संध्याकाळपर्यंत होती. खाली आल्यावर मी काचेकडे पाठ करून उभा राहत होतो.

सुटलो तो मागच्या दाराने.

घरी आलो. ही अजून आलेली नाही. हिची उशी जागेवर नाही. चहा करावा म्हणतो. आधण ठेवलं आहे, पण एक कप टाकावा की दोन, कळत नाही.