पुठ्ठ्याचा वारा

दादा, दारातच वाच. खिडक्या उघड्याच राहू देत आणि वास जाईपर्यंत दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस.

तू हौसेने गॅलरीत मांडलेला गॅसचा बार्बेक्यू बाबांनी विझवला. सवयीने पुठ्ठा घेऊन वारा घालत बसले. ज्योत गेली, गॅस सुरूच. मी अंघोळ करून आले तरी वारा घालणं चालूच, वर मला विचारतात, "आज कोळसा ओला आहे का गं?" सिलिंडर बंद करून गच्चीवर ठेवलाय.

डॉक्टर धूर नको म्हणालेत, मला पाठ आहे. खोकतील, मी छाती शेकेन. पण जन्मभर कोळशावर मासे भाजून विकलेल्या माणसाला या वयात बटण कसं शिकवू? आणि कोळशाचा वास आल्याशिवाय ते घासही घेत नाहीत, हे तुला फोनवर कितीदा सांगितलं.

आम्ही दोघं कोळसा आणायला जातोय. माळ्यावरची जुनी शेगडी काढून ठेव.

पुठ्ठा त्यांनी काखेत घेतलाय. चपला घालताना म्हणाले, "दुकान उघडायचं ना?"

मी हो म्हटलंय. तू नाही म्हणू नकोस.